पहिला रकाना

"गमछा किसने निकाला?" हेमेंद्र सेठनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि नीतूनं पाळण्यातून डोकावणारं लाल चौकड्याचं टोक बोटानं हळूच आत सारलं.

पाळणा म्हणजे राइस मिलच्या दोन खांबांना बांधलेली जुनी साडी. आत सहा महिन्यांची आचल झोपलेली. आचलच्या खाली सुकरामचा गमछा.

सकाळची गोष्ट. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा खड्डा तुंबला, म्हणून सुकराम स्विच बंद करून, त्या स्विचच्या दांड्याला आपला गमछा बांधून आत उतरला. या मिलची ती जुनी रीत. दांड्यावर गमछा दिसला की आत माणूस आहे, हात लावायचा नाही. मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक. एका नीतूला तेवढं ठाऊक नव्हतं. तिला कामाला लागून चौथाच दिवस. आचलनं दुपटं ओलं केलं, दुसरं घरी वाळत होतं, आणि समोर दांड्याला एक कोरडा गमछा लोंबत होता. कोणी विसरलं असेल, संध्याकाळी धुऊन देऊ, असं म्हणत तिनं गाठ सोडली. थोड्या वेळानं हमाल बकाराम आला. त्याला दांडा मोकळा दिसला. त्यानं तो वर केला, एलिव्हेटर सुरू झाला.

खड्ड्यातून आलेली ती किंकाळी अजून नीतूच्या कानातून गेली नव्हती. सुकरामची दोन बोटं चेचली. दोघांनी त्याला उचलून आणलं आणि नेमकं पाळण्याजवळ टेकवलं. "याचा गमछा पाहा रे, हात बांधाले!" कोणीतरी ओरडलं. "राहू द्या," सुकराम दात आवळून म्हणाला, "दुसरं काही आना." नीतूच्या शेजारी बसणाऱ्या देवकाबाईनं पदर फाडला. बकाराम तिथंच रडत सांगू लागला की दांड्यावर गमछा नव्हता, आईची आण, नव्हता. तेव्हा कुठं नीतूला कळलं आपण काय सोडून आणलं ते.

मग तो गमछा टाकावा कुठं, तेच तिला सुचेना. काढला तर दिसेल. दुपारी तिनं सगळ्यांकडे पाठ करून आचलला पाजलं आणि गमछ्यासकट परत पाळण्यात ठेवलं.

आता चार वाजले होते. मशीन बंद होतं. मिलचा मालक हेमेंद्र सेठ नागपूरहून शिकून आलेला, त्याच्या हातात छापील कागद होता. अपघाताची चौकशी. पहिला रकाना, दोषी व्यक्तीचं नाव. तो भरल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलेलं. एकेकापुढं जाऊन तो विचारत होता.

"तू काढला?"

"नाई जी."

"तू?"

"नाई जी."

नीतूपुढं आला तेव्हा तिच्याही तोंडून तेच निघालं. नाई जी. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"ठीक आहे," सेठ म्हणाला. "दांडा तर बकारामनंच वर केला ना? उसी का नाम लिखता हूँ. पोलीस पुढचं पाहतील."

बकाराम मटकन खाली बसला. नीतूनं बोलायला तोंड उघडलं. तिला ठाणं दिसलं. नवरा दिसला. दुधावाचून रडणारी आचल दिसली. आणि तेवढ्यात आचल खरंच चुळबुळली. कुरकुरली. नीतूला पान्हा फुटला, पोलकं भिजलं, पण तिनं लेकीला उचललं नाही. उचललं असतं तर खालचा गमछा उघडा पडला असता. ती नुसती पाळणा हलवत राहिली.

"काऊन वो, लेकराले घेत काऊन नाईस?" देवकाबाई म्हणाली. "रडून राहिली ना ते!"

सगळ्यांच्या माना पाळण्याकडे वळल्या. नीतूनं पाळणा आणखी जोरात हलवला.

"सेठ," दारातून आवाज आला. हाताला पांढरं गाठोडं बांधलेला सुकराम दवाखान्यातून थेट तिथं आला होता. "त्या कागदावर पयला सवाल काय आहे?"

"दोषी का नाम."

"तो खोडा. तो सवाल आहे तवरिक इथं कोणी तोंड नाई उघडत. मी बी नाई उघडलो असतो."

"मग काय विचारू?"

सुकराम लोकांकडे वळला. "नवा माणूस कामावर आला, का त्याले गमछ्याचं कोण सांगते?"

मघाशी सगळे एकमेकांकडे पाहत होते. आता जो तो आपल्या पायांकडे पाहू लागला.

सुकरामनं बांधलेला हात वर केला. "चार दिस झाले या पोरीले येऊन. मी नाई सांगितलो."

"माह्या शेजारी सूप घेऊन बसते रोज," देवकाबाईनं हात वर केला. "साऱ्या गावच्या गोष्टी सांगितल्या. हेच नाई सांगितलं."

बकारामचा हात वर गेला. मग आणखी दोन. हेमेंद्र सेठ हातातल्या पेनाकडे पाहत राहिला. "काम पर तो मैंने रखा था," तो पुटपुटला आणि पहिल्या रकान्यावर त्यानं आडवी रेघ मारली.

नीतूनं आचलला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या हातानं गमछा बाहेर ओढला. ओला, चुरगळलेला. तो तिनं सुकरामपुढं धरला.

"काका, धुऊन देणार होती मी..."

"मालूम आहे. मले बाहेर आणलं, तवाच दिसला."

"मग तवाच काऊन नाई घेतला? हातातून रगत वाहून राहिलं होतं तुमच्या!"

सुकराम आचलकडे पाहून हसला.

"लेकरू झोपून होतं ना, पोरी, त्याच्यावर."