स्वागताचा मेसेज

वाळूजच्या कंपनीतून घरी आली, की करुणा वहीत भीमगीतं लिहायची आणि तिची मैत्रीण विशाखा ती गायची. विशाखाचं नाव गावोगावी झालं, तेव्हा करुणानं पहिल्यांदाच इन्स्टा घेतलं आणि आधी तिलाच फॉलो केलं. लगेच मेसेज आला, 'जय भीम! माझ्या परिवारात स्वागत. माझं प्रत्येक गाणं मी स्वतः लिहिते आणि गाते.'

करुणानं तो दोनदा वाचला आणि फोन लावला.

"अगं, तुला पण गेला का?" विशाखा हसत म्हणाली. "नवीन माणसाला तो आपोआपच जातो. लई मनावर नको घेऊ."

"जातो आपोआप. पण लिहिला कुणी?"

"मीच."

"चला," करुणा म्हणाली, "तेवढं तरी तू लिहिलंस."