रुमालातली बाटली

नवा विद्यार्थी विमानाच्या पंखाखाली उकिडवा बसलेला सापडला. हातात काचेची छोटी बाटली होती. मुख्य प्रशिक्षकांनी मागून येऊन त्याचं मनगट पकडलं.

"सर, आधी हे बघा."

"बघायचं काय त्यात?" मेकॅनिक मध्येच म्हणाला. "टाकीत काय ओतत होतास, ते बोल."

"ओतत नव्हतो. काढत होतो."

"म्हणजे चोरसुद्धा आहेस."

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत हा पोरगा कुणालाच रुचला नव्हता. तास संपला तरी विमानांभोवती घुटमळायचा, कुणाशी धड बोलायचा नाही. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, की विमानाचं पेट्रोल निळं असतं आणि त्यात पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं. इंजिन नीट सुरू होतं, वर गेल्यावर बंद पडतं. म्हणून उडण्याआधी तळाचं थोडं काढून पाहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. यानं तेवढं विचारलं होतं, "वर म्हणजे किती वर?" तेव्हापासून सरांची त्याच्यावर नजर होती.

आणि आज त्यानं नेमकं हेच विमान गाठलं होतं. सरांची मुलगी आज पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

सरांनी डोकं शांत ठेवलं. संशयिताशी हुज्जत घालायची नाही, वस्तू उघडायची नाही, पोलिसांना कळवायचं, हे त्यांना पाठ होतं. बाटलीकडे न पाहता त्यांनी ती रुमालात गुंडाळून खिशात टाकली. हे विमान जागचं हलवायचं नाही, असं मेकॅनिकला बजावलं. पोरगा पुन्हा काही सांगू लागला.

"बोलायचं ते पोलिसांशी बोल," सर म्हणाले.

मेकॅनिकनं त्याला ढकलत सामानाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

मुलगी हिरमुसली होती. सरांनी तिला शेजारचं विमान घ्यायला सांगितलं. त्याच्याजवळ तो पोरगा फिरकलाही नव्हता. मेकॅनिकनंही ग्वाही दिली, की सकाळी आपल्या पंपावरून दोन्ही विमानं त्यानं स्वतःच भरली आहेत. मुलगी सवयीनं तळाचं पेट्रोल काढायला वाकली.

"राहू दे, बस आत. पोलीस यायच्या आधी वर जा. हा तमाशा तुला बघायला नको."

"बाबा, एकच मिनिट लागेल."

"एक मिनिटसुद्धा नको. जा."

बंद दारावरच्या धडका इंजिनाच्या आवाजात बुडाल्या. विमान अलगद उचललं गेलं. सर ते लहान होईपर्यंत बघत राहिले.

पोलीस अधिकारी आले. सरांनी सगळा प्रकार क्रमानं सांगितला. कुठेही चूक नव्हती, असं अधिकारीही म्हणाले. मग त्यांनी रुमाल सोडला, बाटली खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला आणि वैतागून सरांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी बोलावलंत? हे तर नुसतं पाणी आहे."