खुर्चीतला दिग्दर्शक

टीव्ही मालिकेच्या सेटवर उडणाऱ्या गोंधळावर एका विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमाचे नवे निर्माते तणतणत आत आले आणि खुर्चीतल्या दिग्दर्शकावर बरसले, "किती रखडवलंत! उद्यापासून येऊ नका."

खुर्चीत दिग्दर्शकाचं काम करणारा नट होता. त्यानं मान खाली घातली. "बरं."

निर्माते तरातरा निघून गेले. खऱ्या दिग्दर्शकानं नटाची पाठ थोपटली. "झकास! पण हा सीन लिहिला कुणी?"

"मला वाटलं, तुम्हीच."

दिग्दर्शकानं दचकून दाराकडे पाहिलं. "म्हणजे ते खरेच निर्माते होते?"

"मग काढलं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सगळं युनिट ताटकळलं. नट आला नाही, कारण त्याला तोंडावर सांगितलं होतं. दिग्दर्शकही आला नाही, कारण सांगायचं त्याला होतं.