स्वस्तातलं कटर

"आजबी चालू होईना," म्हणत जालिंदर गोठ्यामागून आला आणि ओट्यावर बसला. मुक्ताबाईने नवऱ्याकडे बघितलंही नाही. हे वाक्य ती महिनाभर ऐकत होती.

लाकडं कापायचं ते पेट्रोलवरचं साखळीचं कटर त्याने दोन दिवाळ्यांमागं मोबाईलवर बघून मागवलं होतं. स्वस्तातलं, पण घरापुरतं बरं चाललं. बंबाला लाकडं झाली, शेळ्यांना सुबाभळीच्या फांद्या झाल्या. उन्हाळा लागला आणि मशीन रुसलं. नेमकी तेव्हाच बाभळीची वाळकी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर लोंबायला लागली, आणि खाली गाभण गाय.

"शेजारचे सहादेव भावजी कुऱ्हाडीनं पाडून देतो म्हनत्यात," ती म्हणाली.

"घरात मशीन असताना दुसऱ्याला कशाला बोलवायचं? तू जरा साखळीला कानस मार."

तिचं डोकं तापायचं ते इथंच. मशीन त्याचं, हौस त्याची आणि राबायचं हिने. हा खुर्ची टाकून समोर बसायचा. "प्रत्येक दाताला तीनदा. एकाच बाजूनं. हां. आता फिल्टर झटक. पेट्रोलात ऑइल मोजून घाल, अंदाजानं न्हाई." चुकलं की पुन्हा करायला लावायचा. हात कितीही धुतले तरी भाकरीला पेट्रोलचा वास यायचा.

"मला काय गॅरेज टाकून देताय का?" ती एकदा म्हणाली. तो नुसता हसला.

एवढं सगळं झालं की तो मशीन गोठ्यामागं न्यायचा. मशीन चालू करायची दोरी ओढल्याचा आवाज दोनदा यायचा, अर्ध्यातच थांबायचा. मग मिरजगावला, तुषारच्या गॅरेजात. तीन आठवड्यांत तीन चकरा. "प्लग नगरलाच मिळतो," म्हणून सकाळच्या एसटीने गेलेला माणूस दिवेलागणीला परतायचा. एका प्लगसाठी आख्खा दिवस. काही विचारावं, तर "दमलोय, उद्या बोलू."

परवा दुपारी वारं सुटलं. फांदीचा तुकडा मोडून पत्र्यावर आदळला. पत्रा वाकला, गाय दाव्याला हिसडे देत हंबरत राहिली. मुक्ताबाई तिच्या मानेवरून हात फिरवत उभी होती, आणि जालिंदर दारातून म्हणाला, "उद्या बगू परत चालू होतंय का."

दुसऱ्या दिवशी जेवून त्याचा डोळा लागल्यावर तिने मशीन गोणीत घातलं आणि जीपमध्ये बसून मिरजगाव गाठलं.

तुषार फवारणीचा पंप खोलून बसला होता. तिने गोणी त्याच्यासमोर ठेवली.

"मावशी, तुमी? काका न्हाई आले?"

"काका झोपलेत. हे बंद मशीन भंगारात घाल, न्हाई तर नीट करून दे. तुझ्या हातात चालतं आन घरी नेलं की बंद पडतं. असं काय करून देतोस रं तू?"

तुषारने हात पुसले. मशीन बाहेर काढून जमिनीवर ठेवलं, साखळीच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"कानस कुनी मारली?"

"मीच."

"फिल्टर, ऑइल?"

"ते बी मीच. त्यांनी नुसता हुकूम सोडायचा."

त्याने पेट्रोल घातलं आणि मशीन पायाने दाबून धरलं. "ओढा दोरी. जोरात."

महिन्याचा राग तिच्या दंडात होता. तिने दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मशीन सुरू झालं, धुराचा लोट तिच्या लुगड्यावर आला. ती हातातल्या दोरीकडे बघत राहिली.

तुषारने मशीन बंद केलं.

"मावशी, ह्याच्यात कदी बिघाडच न्हवता. हे हितं ठेवून काका नगरच्या दवाखान्यात जायचे. उजव्या हातातली ताकद गेलीय त्यांच्या, डाव्यातली बी चाललीय. ‘मुक्ताला सगळं शिकवून होईस्तवर मशीनच बिघडलंय म्हन,’ असं सांगून ठेवलं हुतं मला."