उजव्या हाताचा मान

सीमेवरच्या स्फोटात फौजी वैजनाथचा उजवा हात गेला, तेव्हा लग्न ठरलेल्या धाकट्या बहिणीनं, धनश्रीनं सगळ्यांना बजावलं, "नवरदेवाचा कान माझा दादाच पिळणार, अन् तो बी उजव्या हातानं. सरकारकडनं नवा हात येईस्तवर मांडव घालायचा न्हाई!"

तीन वर्षांनी हात मंजूर झाला आणि खर्डा गावात मांडव सजला.

लग्नाच्या सकाळीही वैजनाथनं नव्या, बॅटरीवरच्या हातानं टोमॅटो धरायचा सराव केला. पाचातले दोन फुटलेच. त्यामुळं भटजींनी "नवरीचा भाऊ पुढं या" म्हणताच त्याला दरदरून घाम आला. टोमॅटोचं ठीक होतं, नवरदेवाला कान दोनच.

तो वाकून पुटपुटला, "दाजी, हात नवा हाय. जरा जास्त दाबला गेला तर रागवू नका."

सोनई गावच्या नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून आपणहून कान पुढं केला.

"पिळा फौजी, चांगला करकचून पिळा! दर महिन्याला तुमच्यासंगं कचेरीत येऊन तीन वर्षं ह्याच कानानं ऐकलंय, 'अजून निधी आला न्हाई!'"