भाव चढेपर्यंत

घरात आढ्यापर्यंत कापूस भरला होता. त्याच ढिगाला टेकून सुरभी हात खाजवत परीक्षेचं मोठ्यानं वाचत होती, “करार दोन्ही राष्ट्रांना हवा असतो, पण दुसरे राष्ट्र आधी मोडेल, या भीतीने दोन्ही राष्ट्रे तो मोडतात.”

“येवढाले देश, अन् येवढाही भरोसा नाही?” तिचा बाप गोविंदा थकून हसला. भाव चढेपर्यंत कापूस विकायचा नाही, असं त्याचं आणि शेजारच्या वामनरावांचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बैलबंडीत कापूस भरला. कळंबला व्यापाऱ्याच्या फाटकाशी रांग होती. पुढच्याच बंडीवर वामनराव बसले होते. रागवायचं त्राण दोघांतही नव्हतं.

“मले वाटलं, तू कालच इकून गेला असशीन,” वामनराव म्हणाले.

गोविंदानं बैल सोडले. “मलेबी तसंच वाटलं, भाऊ.”