अंगी लागलेलं

तीन नंबरच्या कोंबडीचा हिशेब काही केल्या जमेना. खाल्लेलं कमी आणि पडलेलं जास्त. आबाजीने ताटली पुन्हा काट्यावर ठेवली, डोळे बारीक करून पाहिलं. काट्याची काही चूक नव्हती.

प्रयोग तसा साधा होता. दहिवलीच्या त्या सरकारी शेडमध्ये निम्म्या कोंबड्यांना तांदळाची कणी मिळे, निम्म्यांना नुसता कोंडा. पोटात जाणारं तोलायचं, खालच्या पत्र्यावर पडणारं गोळा करून वाळवायचं. मग दोन्हींचे नमुने पुण्याला जात. तिथे ते जाळून त्यांतून किती उष्णता निघते ते मोजत. खाण्यातल्या उष्णतेतून विष्ठेतली वजा केली, की उरेल ते कोंबडीच्या अंगी लागलेलं.

लढाई चालू होती. लष्करी इस्पितळांना अंडी हवी होती. कणी सरस ठरली, की तालुक्यातल्या गिरण्यांची सगळी कणी कोंबड्यांसाठी उचलायची आणि शेड वाढवायचं, असं वरून ठरलं होतं. शेड वाढलं की आबाजीची हंगामी नोकरी कायम होणार होती. पोशीरच्या त्याच्या घरातला तो पहिलाच सरकारी नोकर. नोकरीवर त्याचा फार जीव होता.

निकाल जवळजवळ हाती आलाच होता. कणीवाल्या कोंबड्या तुकतुकीत, कोंड्यावाल्या मान टाकून बसलेल्या. पुण्याचे साहेब उद्या सकाळी यायचे होते, आणि आजच या तीन नंबरने घोळ घातला. हिला कोणीतरी चोरून खायला घालतंय, एवढं आबाजीच्या ध्यानात आलं.

दुपारी तो गोणींच्या आडून पाहत राहिला. झाडलोट करणारी सोनूबाई हात धुऊन पिंजऱ्यांपाशी टेकली. तिने फडकं सोडलं, भाकरीचा एक घास मोडला आणि स्वतः खायच्या आधी तीन नंबरच्या पिंजऱ्यात सारला.

आबाजीच्या डोक्यात तिडीक गेली. "सोनूबाई! काय केलंस गं हे? सगळ्या कामावर पाणी फिरवलंस!"

ती दचकून उभी राहिली. "तुमच्या मालाला मी हात नाय लावला, आबाजीभाऊ. जेवायच्या आदी मुक्या जिवाला घास काढतो आमी. गाय होती तवा गायला द्यायची. हितं हीच जवळ दिसली."

आता हिला रागवावं तरी कसं? त्याच्या आईचाही हाच नेम होता. आबाजीने राग गिळला. घास कशाचा आणि केवढा ते कळलं, तर तेवढं हिशेबातून काढता येईल, असा त्याने विचार केला.

"बघू भाकर. नाचणीची ना?"

सोनूबाईने फडकं पुढे केलं. ती धड भाकरी नव्हतीच. भुरभुरीत, तपकिरी, हात लावताच सुटत होती. आबाजीने चिमूटभर उचलून वास घेतला. रोज सकाळी तो हेच तर तोलत होता.

"कोंडा?"

"कोंडाच. नाचणी कवाच सरली. बांधाया जरासं पीठ घातलंय."

"अगं, मग पेजेपुरती तरी कणी आणायचीस गिरणीवरून."

"गिरणीवाला देत नाय. म्हणतो, कणी आता कोंबड्यांसाठी ठेवायची हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, होती ती काळजी. पिंजऱ्याकडे पाहत तिने विचारलं, "तिला बाधलं काय वो?"

आबाजीची नजर फडकं धरलेल्या तिच्या हाडकुळ्या हातावर गेली. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. इतके दिवस तो एकेका कोंबडीची हाडं चाचपत होता, आणि पत्रे धुणाऱ्या या बाईचं मनगट त्याला दिसलंच नव्हतं.

सकाळी साहेब आले. पिंजऱ्यांसमोरून फिरताना ते भलतेच खूश दिसले.

"मग, काय ठरलं?"

आपली नोकरी पुढच्या वाक्यावर लटकली आहे, हे आबाजीला पुरतं ठाऊक होतं. "नुसत्या कोंड्यावर जीव तगत नाही, साहेब."

"शाबास! म्हणजे कणी कोंबड्यांना."

"नाही साहेब," आबाजी म्हणाला. "म्हणूनच कणी माणसांना."